शस्त्राचा हक्क आणि 'विनाशस्त्र' हा शब्द

राज्यघटनेच्या कलम 19 ने नागरिकांना एकत्र जमण्याचा हक्क दिला आहे, पण शांततेने आणि 'विनाशस्त्र'. वर्गात हा शब्द मुलांना अडवतो. काही जण तो 'विनाश-अस्त्र' असा वाचतात. उर्दू माध्यमाच्या मुलांना मी फोड करून सांगतो : विना शस्त्र, म्हणजे बगैर हथियार. मग हमखास प्रश्न येतो : सर, अमेरिकेच्या घटनेत बंदूक बाळगण्याचा हक्क आहे, मग आपल्याला का नाही?

हा हक्क आपल्या लोकांनीही मागितला होता. 1857 चा उठाव मोडल्यावर इंग्रजांनी हिंदी माणसाच्या हातातले शस्त्र काढून घेतले. 1878 मध्ये व्हाइसरॉय लिटनच्या काळात शस्त्र कायदा आला. हिंदी माणसाला परवाना सक्तीचा, युरोपियनांना मात्र सूट. हा अपमान लोकांना बोचत होता. 1930 मध्ये गांधीजींनी सरकारपुढे ठेवलेल्या अकरा मागण्यांत स्वसंरक्षणासाठी शस्त्रपरवान्याची मागणी होती. 1931 च्या कराची काँग्रेसच्या ठरावाने तर नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत धरला.

डिसेंबर 1948 मध्ये संविधान सभेत हरी विष्णू कामथ यांनी हाच हक्क घटनेत घालण्याची दुरुस्ती मांडली. कामथ मध्य प्रांत व वऱ्हाडचे प्रतिनिधी होते. आपले वाशीम तेव्हा याच प्रांतातल्या अकोला जिल्ह्यात होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विरोध केला. असा हक्क सरसकट दिला, तर चोर आणि खिसेकापूही तो मागतील, हा त्यांचा मुद्दा होता. शस्त्र हा व्यक्तीचा हक्क मानण्यापेक्षा, देशावर संकट आले तर शस्त्र उचलणे हे नागरिकाचे कर्तव्य मानावे, असेही त्यांनी सांगितले. दुरुस्ती फेटाळली गेली.

कलम 25 च्या स्पष्टीकरणात शीख बांधवांच्या कृपाणाचा उल्लेख आहे. बाकी सर्वांसाठी 1959 चा शस्त्र कायदा. रानडुकरांपासून पीक वाचवायला शेतकऱ्याला बंदूक हवी असेल, तर तीही परवान्यानेच मिळते. अमेरिकेसारखा शस्त्राचा मूलभूत हक्क आपल्याकडे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये पुन्हा बोलून दाखवले.

मला बाबासाहेबांची भूमिका पटते. कारण इतिहासात शस्त्राचा हक्क सर्वांना सारखा क्वचितच मिळाला. इंग्लंडच्या 1689 च्या हक्कांच्या सनदेत तो फक्त प्रोटेस्टंटांना होता. अमेरिकेत 1791 मध्ये तो घटनेत आला, पण गुलामांना त्यात जागा नव्हती. 1878 मध्ये इथे गोऱ्यांना सूट होती. ज्याच्याकडे सत्ता आणि पैसा, त्याच्याच हाती बंदूक. अशा शर्यतीत गरीब आणि अल्पसंख्य कधीच पुढे नसतात.

म्हणून मोबाइलवर तलवार मिरवणारे तरुण पाहिले की काळजी वाटते, मग ते कोणत्याही समाजाचे असोत. लाइक चार दिवसांचे, गुन्हा दाखल झाला तर मात्र कोर्टाच्या तारखा वर्षानुवर्षांच्या. नोकरीच्या वेळी पोलीस पडताळणीत तोच गुन्हा आडवा येतो. स्वसंरक्षणाचा हक्क आपल्याकडून कोणी काढून घेतलेला नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 34 ते 44 मध्ये तो मर्यादांसह लिहिलेला आहे. तरुणांनी तो वाचावा.

पण या कराराला दुसरी बाजूही आहे. नागरिकाने शस्त्र ठेवायचे नाही, तर त्याच्या जिवाची हमी शासनाने घ्यायची. कलम 21 चा अर्थ तोच. सणासुदीला महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली शस्त्रबंदीचे आदेश निघतात. ते मोहरमच्या मिरवणुकीला जसे लागू, तसेच इतर प्रत्येक मिरवणुकीला लागू झाले पाहिजेत. कलम 14 मधली समानता याहून वेगळी नाही. आपण तलवार मागू नये. हा सारखेपणा मागावा, अर्ज करून, माहितीचा अधिकार वापरून, गरज पडली तर न्यायालयात जाऊन. आणि तो मागताना आपली मिरवणूक आधी विनाशस्त्र असावी.