पैठणचा पट्टेदार दगड

गोदावरीच्या पात्रात काळ्या गोट्यांमध्ये एखादा खडबडीत, मळकट गोटा सापडतो. तो फोडला की आत पांढऱ्या, राखाडी, तपकिरी रेघांची वळणे एकात एक बसलेली दिसतात. हा अकीक. दगड जमवणाऱ्याला त्याची ओळख घरीच पटते: कडेचा पातळ कपचा उजेडात धरला की त्यातून प्रकाश झिरपतो, चाकूने त्यावर ओरखडा उठत नाही, उलट तोच काचेवर चरा पाडतो. आम्ल टाकल्यावर फेस आला, तर तो अकीक नव्हे, बहुधा कॅल्साइट.

सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थर साचले. लाव्हा थिजताना अडकलेल्या वायूने त्यात पोकळ्या राहिल्या. पुढे सिलिकायुक्त पाणी त्यांत झिरपले आणि भिंतीकडून आत, थरावर थर चढत गेले. प्रत्येक थराच्या घडणीत आणि लोहाच्या अंशात थोडा फरक, म्हणून हे पट्टे. त्या लाव्हाचा बेसाल्ट झिजून गेला, कठीण अकीक नदीत उरला.

या दगडाने पैठणला दूरच्या बाजारात नेले. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्तात नोंद आहे, की पैठणहून ओनिक्स, म्हणजे पट्टेदार अकीक, मोठ्या प्रमाणात गाड्यांतून, धड वाट नसलेल्या मुलखातून भडोचला येई. अंतर वीस दिवसांचे. त्याच वृत्तात तगरचाही उल्लेख आहे; तगर म्हणजे आजचे तेर. तिथून कापड येई. भडोचहून पुढे गेलेल्या या दगडात रोमन कारागिरांना पट्टेच हवे असत: वरचा पांढरा थर कोरून आकृती काढायची, खालचा गडद थर पार्श्वभूमीला ठेवायचा.

मण्यांची परंपरा त्याहूनही जुनी. गुजरातेतल्या लोथलला हडप्पाकालीन मणी-कारखाना उत्खननात मिळाला. खंभातचे कारागीर आजही रतनपूरचा कच्चा अकीक मडक्यांत भरून शेणाच्या धगीवर भाजतात. उष्णतेने त्यातल्या लोहाचा पिवळसर रंग लाल होतो. पुढे जमिनीत रोवलेल्या लोखंडी टोकावर दगड टेकवून शिंगाच्या हातोडीने त्याचे कपचे उडवतात. घासताना उडणाऱ्या धुळीने अनेकांना सिलिकोसिस हा फुप्फुसांचा रोग जडला. या सुंदर धंद्याची ही किंमत विसरता येत नाही.

पैठण-तेरच्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडांत असे जुने मणी निघाले आहेत. नदीतला गोटा खुशाल संग्रहात ठेवावा. भोक पाडलेला मणी टेकाडावर दिसला, तर मात्र तो न उचलता पुरातत्त्व विभागाला कळवावे.