वायुभारमापक : विहिरीपासून वेधशाळेपर्यंत

विहिरीवरील पंपाने पाणी किती खोलीवरून ओढता येते, या प्रश्नातून वायुभारमापकाचा जन्म झाला. खान्देशातील शेतकऱ्यांना या प्रश्नाचे उत्तर अनुभवाने ठाऊक आहे. पाण्याची पातळी सात-आठ मीटरच्या खाली गेली, की काठावरचा पंप निरुपयोगी ठरतो आणि तो विहिरीत खाली उतरवावा लागतो.

याचे कारण असे, की पाणी वर चढविणारा जोर बाहेरील हवेचा असतो. पंप नळातील हवा काढून घेतो आणि विहिरीतील पाण्यावर पडणारा हवेचा भार ते पाणी नळात ढकलतो. समुद्रसपाटीला हा भार सुमारे १०.३ मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ तोलून धरतो. घर्षण व गळतीमुळे प्रत्यक्ष मर्यादा त्याहून कमी असते. यावल-रावेर पट्ट्यात भूजल खोल गेल्यावर वापरात आलेले सबमर्सिबल पंप पाणी खालून वर ढकलतात. त्यामुळे त्यांना ही मर्यादा लागू होत नाही.

टॉरिसेलीची नळी

हेच कोडे सतराव्या शतकात इटलीत गॅलिलिओपुढे आले होते. त्याचा शिष्य इव्हांजेलिस्टा टॉरिसेली याने १६४३-४४ च्या सुमारास पाण्याऐवजी साडेतेरा पटींहून जड असलेल्या पाऱ्याचा विचार केला. एका बाजूने बंद असलेली काचेची नळी पाऱ्याने भरून पाऱ्याच्याच भांड्यात उलटी उभी केली, तेव्हा नळीतील पारा सुमारे ७६ सेंटीमीटरवर स्थिरावला. हाच पहिला वायुभारमापक होय.

१९ सप्टेंबर १६४८ रोजी ब्लेझ पास्कलच्या सूचनेवरून त्याचा मेहुणा पेरिए ही नळी घेऊन फ्रान्समधील प्युई द डोम हा डोंगर चढला. शिखरावर पारा आठ सेंटीमीटरहून थोडा अधिक उतरला. उंचीबरोबर हवेचा भार कमी होतो, हे त्यामुळे सिद्ध झाले. १८४४ मध्ये ल्युसियाँ व्हिदी याने पाऱ्याविना चालणारा, निर्वात धातूच्या डबीचा ‘निर्द्रव’ वायुभारमापक तयार केला.

दख्खनमधील नोंदी

लेफ्टनंट कर्नल विल्यम साइक्स याने १८२५ ते १८३० या काळात दख्खनमध्ये वायुभाराची निरीक्षणे केली व १८३५ मध्ये ती प्रसिद्ध केली. उष्ण कटिबंधात हवेलाही भरती-ओहोटी असते. सकाळी व रात्री दहाच्या सुमारास दाब वाढतो, तर पहाटे व दुपारी चारच्या सुमारास तो उतरतो. त्यामुळे दुपारी पारा थोडा घसरला, म्हणून वादळ येणार असे येथे मानता येत नाही.

१८६४ चे कोलकात्याचे चक्रीवादळ आणि १८६६ व १८७१ मधील अपुरा पाऊस यांनंतर १८७५ मध्ये भारतीय हवामान विभाग स्थापन झाला. त्याचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यास आले व १९४४ मध्ये दिल्लीस गेले. या विभागाचे प्रमुख असलेल्या गिल्बर्ट वॉकर यांनी प्रशांत व हिंदी महासागरांवरील वायुभार तराजूच्या पारड्यांप्रमाणे खाली-वर होतो, हे दाखवून दिले. मान्सूनच्या दीर्घकालीन अंदाजात त्यांचे हे संशोधन आजही आधारभूत आहे.

जळगावचा आकडा

जळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे २०९ मीटर उंचीवर आहे. तेथील वायुभार समुद्रकाठापेक्षा साधारण २५ हेक्टोपास्कलने, म्हणजे पाऱ्याच्या सुमारे १८ मिलिमीटरने कमी भरतो. सातपुड्यातील तोरणमाळ येथे, सुमारे ११५० मीटर उंचीवर, हा फरक १३० हेक्टोपास्कलच्या आसपास जातो. म्हणून प्रत्येक केंद्राचा आकडा आधी समुद्रसपाटीच्या पातळीला आणावा लागतो. त्यानंतरच धुळे, जळगाव व मुंबईची तुलना होऊ शकते आणि नकाशावर समभार रेषा काढता येतात. उन्हाळ्यात वायव्य भारत तापून तेथे कमी दाबाचा पट्टा निर्माण होतो. मान्सूनचे वारे त्याकडे ओढले जातात.

केळीबागा आणि वादळ

समुद्रावरील चक्रीवादळाची चाहूल समभार रेषांवरून काही दिवस आधी लागते. मे-जूनमध्ये केळीच्या बागा आडव्या करणारे वादळी वारे मात्र निराळे असतात. ढगातून थंड हवा वेगाने जमिनीवर आदळते, तेव्हाच त्या जागी दाब एकदम वाढतो. अशा वेळी वायुभारमापकाचा इशारा आणि वारा जवळजवळ एकाच वेळी येतात. म्हणून या वादळांसाठी डॉप्लर रडार व उपग्रहांवर भिस्त ठेवावी लागते.

हवामान आधारित फळपीक विम्यात केळीच्या भरपाईसाठी महसूल मंडळातील स्वयंचलित केंद्राने नोंदविलेला वाऱ्याचा वेग विचारात घेतला जातो. परंतु असे वादळ अनेकदा काही किलोमीटरच्या पट्ट्यापुरतेच असते. ते केंद्राला बगल देऊन गेले, तर बाग उद्ध्वस्त होऊनही नोंदीत वारा दिसत नाही. उपकरण जेथे उभे असते, तेथील हवेचीच नोंद ते करते. त्यामुळे केंद्रे कोठे व किती अंतरावर आहेत, या तांत्रिक वाटणाऱ्या बाबीवर बागायतदाराची भरपाई अवलंबून राहते.

पारा विषारी असल्याने मिनामाता कराराने पाऱ्याचे वायुभारमापक बाद करण्याचे ठरविले आहे. हा करार २०१७ मध्ये अमलात आला. वेधशाळांमध्ये त्यांची जागा आता इलेक्ट्रॉनिक संवेदक घेत आहेत.