टपाल, रेडिओ आणि मधली शांतता

दूरशिक्षण म्हटलं की हल्ली डोळ्यांसमोर मोबाइलचा पडदा येतो. पण दुरून शिकवण्याचा उद्योग टपालाच्या तिकिटाइतका जुना आहे. इंग्लंडमध्ये १८४० साली एका पेनीत पत्र जाऊ लागलं आणि आयझॅक पिटमन यांनी टपालाने लघुलिपी शिकवायला घेतली. लघुलिपीचं ठीक आहे, ती कागदावरचीच गोष्ट. विद्यार्थ्याने गिरवून पाठवायचं, गुरुजींनी तपासून परत करायचं. बोलीभाषेचं काय? पाकिटात आवाज मावत नाही.

हा पेच सोडवायचा पहिला मोठा प्रयत्न बर्लिनमध्ये झाला, १८५६ साली. तुसां आणि लांगेनशाइट या दोघांनी पत्रांतून फ्रेंच शिकवायला सुरुवात केली आणि शब्दांचे उच्चार खुणांनी लिहून दाखवले. म्हणजे आवाजाचं चित्र काढलं! आपल्याकडे हे काम छापील पुस्तकांनी केलं. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला आठवणारे इथे काही जण असतील. तिच्या जोरावर इंग्रजी वाचणारी, लिहिणारी माणसं तयार झाली. बोलायची वेळ आली की मात्र त्यातल्या अनेकांची जीभ अडखळायची. त्यात त्यांचा दोष नव्हता. त्यांनी ती भाषा कधी ऐकलीच नव्हती.

मग ध्वनिमुद्रिका आल्या, लिंग्वाफोन आलं, १९४३ पासून बीबीसीचं ‘इंग्लिश बाय रेडिओ’ सुरू झालं. आवाज पोचला. पण तो एकतर्फी. रेडिओ बोलणार, आपण ऐकणार. आणि नुसतं ऐकून भाषा येत असती तर प्रवचनं ऐकणारे सगळे संस्कृत बोलायला लागले असते.

आता थोडं केनियाकडे जाऊ, कारण खरी कल्पक गोष्ट तिथे घडली. केनियात धोरण असं होतं की खेड्यातल्या मुलांनी पहिली तीन वर्षं मातृभाषेतून शिकायचं, इंग्रजी हा एक विषय. आणि चौथीपासून सगळंच इंग्रजीतून. म्हणजे तीन वर्षांत इंग्रजी कानात बसलं नाही तर पुढे गणितही बुडालं आणि विज्ञानही. शिकवणाऱ्या शिक्षकांपैकी कितीतरी जणांचं स्वतःचं इंग्रजी बेताचं. अशा ठिकाणी १९८० ते १९८५ या काळात एक रेडिओ प्रकल्प चालला, अमेरिकी मदतीने. पहिली ते तिसरीच्या वर्गांसाठी रोज अर्ध्या तासाचा इंग्रजीचा पाठ.

त्यातली युक्ती निकारागुआतल्या रेडिओ-गणिताच्या प्रयोगातून आलेली होती, आणि ती फार साधी आहे. रेडिओ प्रश्न विचारतो आणि गप्प बसतो. दोन-तीन सेकंद. तेवढ्यात अख्खा वर्ग उत्तर देतो. मग रेडिओ बरोबर उत्तर सांगतो आणि पुढे जातो. उठा, दाराला हात लावा, शेजाऱ्याला नाव विचारा, असं सगळं चालू. संहिता लिहिणाऱ्यांचं खरं कसब शब्दांत नव्हतं, त्या शांततेत होतं. ती कमी पडली तर मुलांचं उत्तर अर्धवट राहणार, लांबली तर वर्गात गोंधळ. त्यामुळे पाठ आधी खऱ्या वर्गात वाजवून बघायचे, मुलं कुठे अडतात ते टिपायचं आणि दुरुस्त करायचे. ऐकून समजण्यात ही मुलं इतर वर्गांच्या स्पष्टपणे पुढे गेली. पुढे ही पद्धत लेसोथो आणि दक्षिण आफ्रिकेतही गेली.

मला यात महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. त्या अर्ध्या तासात शिक्षकही शिकत होता, आणि कोणी त्याला विद्यार्थी म्हणून खाली बसवलं नव्हतं.

आता घरी येऊ. इंग्रजीच्या शिक्षकांसाठी हैदराबादला १९५८ साली केंद्रीय संस्था निघाली होती, पुढे तिने शिक्षकांसाठी टपाली अभ्यासक्रमही चालवला. त्यातही काही दिवस प्रत्यक्ष वर्गाला हजर राहावं लागेच, कारण उच्चारशास्त्र कागदावर किती शिकवणार! २००० साली महाराष्ट्राने पहिलीपासून इंग्रजी आणलं, तेव्हा रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री होते. वाद पुष्कळ झाला, बहुतेक मराठीचं काय होणार यावर. त्या मानाने पहिलीच्या बाई हा विषय शिकवणार कशा, यावर बोलणं कमी झालं. त्यांची स्वतःची इंग्रजीशी गाठ पाचवीत किंवा त्याहून उशिरा पडलेली. एवढ्या शिक्षकांना हैदराबादला पाठवणं शक्यच नव्हतं.

पुण्याच्या ‘सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेस’ने ‘वुई लर्न इंग्लिश’ ही संवादी श्राव्य पाठमाला केली ती नेमकी अशा वर्गांसाठी. तिच्यात मराठीचा आधार आहे, म्हणजे मूल घरच्या भाषेवर पाय ठेवून पलीकडे जातं. मला हे केनियाच्या संपूर्ण इंग्रजी पाठापेक्षा शहाणपणाचं वाटतं. काही तज्ज्ञ मित्रांना पटत नाही, ते असो.

एक मर्यादा मात्र सगळीकडे तीच. मुलाने चुकीचं उत्तर दिलं तरी रेडिओ ‘शाब्बास’ म्हणतो. त्याला ऐकू येत नाही. मागच्या बाकावरचा मुलगा नुसते ओठ हलवतोय, हे फक्त बाईंना दिसतं. आणि त्यांना स्वतःच्या इंग्रजीचा भरवसा नसेल तर त्या त्याला थांबवत नाहीत.