ताश्कंदची जाळी

ताश्कंद म्हटलं की आमच्या पिढीला एकच तारीख आठवते: ११ जानेवारी १९६६. आदल्या दिवशी भारत-पाक करारावर सही करून पंतप्रधान शास्त्रीजी त्या रात्री तिथेच गेले. शिष्टमंडळात आपले यशवंतराव चव्हाणही होते. ही मंडळी जे शहर पाहून आली, त्यातलं बरंचसं साडेतीन महिन्यांत जमीनदोस्त झालं. २६ एप्रिलच्या पहाटे भूकंप झाला. धक्का आकड्याने फार मोठा नव्हता, पण केंद्र थेट शहराच्या पोटाखाली आणि अगदी उथळ. कच्च्या विटांची घरं बसली, तीन लाखांवर माणसं उघड्यावर आली. सोव्हिएत संघाच्या सगळ्या प्रजासत्ताकांतून गवंडी, क्रेनवाले, इंजिनिअर आले. भूकंपात तगलेल्या जुन्या वस्त्याही मग नव्या आराखड्यासाठी पाडल्या गेल्या, हे सहसा हळू आवाजात सांगतात.

मी चौतीस वर्षं एका सरकारी कचेरीत ड्राफ्ट्समन होतो. चाळीवजा इमारतींचे नकाशे काढले, त्यात जिन्याला सिमेंटची जाळी हमखास असायची. त्यामुळे ताश्कंदला गेलो तो जाळी बघायला. तिथे तिला ‘पंजरा’ म्हणतात. कानाला लगेच आपला पंजर, पिंजरा आठवतो.

पहिला मुक्काम लेनिन संग्रहालय. लेनिनच्या जन्मशताब्दीला, १९७० साली उघडलं. येवगेनी रोझानोव्ह आणि सहकाऱ्यांचं काम. ठोकळ्यासारखी इमारत आणि तिला पांढऱ्या जाळीचं पांघरूण. आता आत उझबेकिस्तानच्या इतिहासाचं संग्रहालय आहे. लेनिन गेला, जाळी राहिली. या जाळीवर जाणत्यांचे दोन तट. एकाला ती मॉस्कोच्या खोक्याला चढवलेली पौर्वात्य झूल वाटते. दुसऱ्याला उझबेक अस्मिता. मी रस्त्यापलीकडे सावलीत तासभर उभा राहिलो. उन्हाळ्यात इथला पारा चाळिशीला टेकतो. उघड्या काचेची भिंत अशा गावात भट्टी होईल. झूल असो की अस्मिता, ती आधी छत्री आहे, आणि माझ्या मते वाचन इथून सुरू करावं. जवळच्या ‘हॉटेल उझबेकिस्तान’चंही तेच: १९७४ ची, उघड्या पुस्तकासारखी सतरा मजली इमारत, सगळी दर्शनी बाजू जाळीदार.

पण मी खरा अडकलो तो ‘झेमचुग’मध्ये. झेमचुग म्हणजे मोती. ऐंशीच्या दशकातली, ओफेलिया आयदिनोव्हा या वास्तुकार बाईंची सोळा मजली इमारत, ओतीव काँक्रीटची. जुन्या ताश्कंदमध्ये घरं अंगणाभोवती, आणि अशा घरांचा मिळून महल्ला. बाईंनी ते अंगण उचलून उंच नेलं: दर तीन मजल्यांना एक मोकळं अंगण, भोवती घरं. मी लिफ्टने वर गेलो तर समोर तीनचाकी सायकल, फुलझाडांचे डबे आणि दोरीवर चादरी. एक आजीबाई स्टुलावर बसून भाजी निवडत होत्या. मला भाषा येईना. मी हाताने हवेत चौकोन काढून अंगण दाखवलं, छातीवर हात ठेवला. त्यांनी मूठभर जुडी माझ्यापुढे केली. निवडायला. मी निवडली. कोथिंबीरच होती.

ही इमारत जपायची म्हणजे काय जपायचं? काँक्रीटला पडलेल्या भेगा भरता येतील, लोखंडाचा गंज काढता येईल. पण उद्या कोणी ‘मूळ रूप’ म्हणून ते डबे आणि दोरी हटवली, तर आयदिनोव्हांनी आखलं होतं तेच पुसलं जाईल. चोरसू बाजाराचा निळसर घुमट बघा. खाली मांस, वर गोल सज्जात सुकामेवा, आणि गिऱ्हाईक रोजचं. त्या गिऱ्हाइकांपैकी त्याला आधुनिकतावाद वगैरे कोणी म्हणत नाही, म्हणून तो सुखात आहे. ‘दोम किनो’ हे चित्रपटगृह मात्र २०१८ च्या सुमारास ‘ताश्कंद सिटी’ या व्यापारी संकुलासाठी पाडलं. लोक चिडले. २०२१ पासून उझबेकिस्तानच्या संस्कृती-कला प्रतिष्ठानाने परदेशी अभ्यासक बोलावून या इमारतींची रीतसर नोंद सुरू केली. पाडल्यावर जाग येते, यात ताश्कंदचं वेगळेपण काही नाही.

तिथल्या दर्शनी भिंतींवर एसीचे डबे लोंबताना पाहून मी मान हलवली खरी. पण आमच्या सोसायटीत चार वर्षांपूर्वी दुरुस्ती निघाली, तेव्हा जिन्याच्या जाळ्या ‘धूळ येते’ म्हणून काढून ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या लावायचा ठराव आला. एकमताने मंजूर झाला. सही माझीही आहे. आता मे महिन्यात जिना तापतो, आणि प्रत्येक मजल्यावर पंखा बसवावा का, हा पुढच्या सभेचा तिसरा विषय आहे.