बरातीचा कारकून

पत्ते खेळणाऱ्या माणसाला समाजात मान नाही आणि बँकेतल्या कारकुनाला तर तो कुठेच नाही. पण या दोघांचाही मान राखणारा एक ग्रंथ निघाला! अबुल फझलची ‘ऐन-ए-अकबरी’.

आपल्याकडच्या जुन्या पत्त्यांचे नाव गंजिफा. बाबराने १५२७ साली सिंधमधल्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्याच आत्मचरित्रात आहे. पानिपत मारून जेमतेम वर्ष झालेले, आणि हा गृहस्थ पत्ते पाठवतोय! नातू त्याच्याही वरताण. अबुल फझल सांगतो त्या जुन्या गंजिफात बारा रंग, एकेका रंगात बारा पाने, एकूण १४४. अश्वपती, गजपती, धनपती अशी भारदस्त नावे. अकबराने त्यात फेरफार करून चक्क सरकारी खातीच पत्त्यांत आणली. एका रंगाचे नाव ‘बरात’. ही लग्नाची वरात नव्हे, पैसे देण्याचा लेखी हुकूम. आमच्या डिमांड ड्राफ्टचा खापरपणजोबा. राजा कागद तपासतोय, वजिरापुढे दफ्तर, आणि खालच्या पानांवर कागद तयार करणारा, पुस्तक बांधणारा आणि (इथे मी चष्मा पुसला) दफ्तरात नोंदी करणारा कारकून!

इंग्रजी पत्त्यांत कारकून नाही. “गुलाम आहे ना!” असे आमच्या सौ.चे म्हणणे.

मराठी मुलखात सावंतवाडीच्या चिताऱ्यांनी गंजिफात दशावतार आणले. दहा अवतार, प्रत्येकी बारा, अशी १२० गोल पाने. खेळणारे तिघे, म्हणजे एकेकाच्या वाट्याला चाळीस चकत्या. हुकूम नाही, सगळी मदार स्मरणशक्तीवर. त्यातून गंमत अशी, की पाच रंगांत राजा-प्रधानांखालोखाल दश्शी मोठी, उरलेल्या पाचांत एक्का मोठा. बी.कॉम. झाल्यामुळे मला याचे नवल वाटले नाही. जो आकडा ठेवीच्या खात्यात मोठेपणा देतो, तोच कर्जाच्या खात्यात तोंड लपवायला लावतो. आणि हा खेळ घड्याळसुद्धा पाहतो: दिवसा उतारी रामाची, सूर्य मावळला की कृष्णाची.

असला जोड छापखान्यातून भराभर निघणाऱ्या बावन्न पानांपुढे टिकणार कसा? कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवायचे, त्यावर खडूचा लेप, मग एकेक पान हाताने रंगवायचे, वर लाखेचा हात. विसाव्या शतकात ही विद्या बुडायलाच आली होती. शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी एका वृद्ध चिताऱ्याकडून ती शिकून घेतली आणि राजवाड्यातच कारागीर बसवले. राजाराणीने उमेदवारी केल्याचे दुसरे उदाहरण माझ्या वाचनात नाही.

कला वाचली. खेळाचे मात्र तसे झाले नाही. लोक संच नेतात आणि काचेत लावतात. मत्स्य भिंतीवर, कूर्म शोकेसमध्ये, आणि कोणाची दश्शी मोठी हे घरात एकालाही ठाऊक नाही. मी शेजारच्या दोघांना कसेबसे बसवले. वाटणी होईतो साडेसहा झाले. उतारी रामाची की कृष्णाची यावर वाद पेटला. सूर्य बघायला तिघेही गॅलरीत गेलो, तर समोरच्या नव्या इमारतीमुळे सूर्यच दिसेना.