पाळी चुकते त्याआधीचा इतिहास कुठे सापडतो?

आज एक असा विषय घेऊ जो वाचायला डॉक्टरकीचा वाटेल, पण खरं तर तो संशोधन पद्धतीचा आहे. गर्भारपणाच्या पहिल्या काही आठवड्यांत पोटात काय घडतं, हे आपल्याला कसं कळलं? या आठवड्यांची अडचण अशी की ज्या बाईच्या पोटात हे घडतं, तिलाच ते माहीत नसतं. मग अभ्यासकाने नोंद करायची तरी कधी?

आधी मोजणी नीट समजून घ्या. दवाखान्यात "सहावा आठवडा" म्हणतात तेव्हा ती मोजणी शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून असते. गर्भ त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी राहतो. म्हणजे पाळी चुकते त्या दिवशी गर्भाचं वय जेमतेम दोन आठवडे असतं. पुढच्या आठवड्याभरात हृदयाचे ठोके सुरू होतात आणि गर्भ राहिल्यापासून सुमारे २८ व्या दिवशी मज्जानलिका, म्हणजे पुढे मेंदू आणि मणक्यातला मज्जारज्जू जिच्यातून तयार होतो ती नळी, पूर्ण बंद होते. ती बंद झाली नाही, तर बाळात गंभीर व्यंग राहतं. आईला मळमळ, थकवा, वासाचा त्रास साधारण याच सुमाराला जाणवू लागतो. डोहाळ्यांचं कौतुक सुरू होईपर्यंत एक मोठं काम उरकलेलं असतं!

आता मुंबईला जाऊ. १९२८ मध्ये ल्युसी विल्स ही इंग्रज डॉक्टर गरोदर बायकांमधल्या गंभीर रक्तक्षयाचा अभ्यास करायला तिथे आली. परळच्या हाफकिन संस्थेत तिचं काम चाले. तिच्याकडे आलेल्या अनेक बायका सूतगिरण्यांत राबणाऱ्या होत्या. त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी संख्येने कमी, पण आकाराने मोठ्या दिसत. कारण आहारात असावं असा तिला संशय होता. शेवटी उपाय सापडला तो मार्माईटमध्ये, म्हणजे यीस्टच्या स्वस्त अर्कात. १९३१ मध्ये तिने हे प्रसिद्ध केलं. अर्कातला गुणकारी घटक कोणता, हे तेव्हा माहीत नव्हतं. १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून एक द्रव्य वेगळं काढलं गेलं आणि पानासाठीच्या लॅटिन शब्दावरून त्याला फोलिक आम्ल हे नाव मिळालं. विल्सबाईंच्या अर्कात होतं ते हेच.

इथे जरा थांबा आणि अभ्यासक म्हणून प्रश्न विचारा. विल्सला दिसल्या त्या कोणत्या बायका? ज्यांचं दुखणं दवाखान्यापर्यंत जाण्याइतकं वाढलं होतं त्या, आणि त्याही बहुधा दिवस बरेच गेल्यावर. तिच्या साधनांतून रक्तक्षय दिसतो, पहिला महिना दिसत नाही. फोलिक आम्लाचा मज्जानलिकेशी संबंध पक्का व्हायला १९९१ उजाडलं. सात देशांतल्या एका चाचणीत, आधी असं व्यंग असलेलं बाळ झालेल्या बायकांना गर्भ राहण्याच्या आधीपासून फोलिक आम्ल दिलं, तेव्हा ते पुन्हा होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं. "आधीपासून" हा शब्द अधोरेखित करा.

मग "आधीपासून" नोंद ठेवायची कशी? याचं एक उत्तर आपल्या पुण्यात आहे. रास्ता पेठेतल्या के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि साउदॅम्प्टनच्या डॉ. कॅरोलिन फॉल यांच्या गटाने १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत अभ्यास सुरू केला. गरोदर बाई दवाखान्यात येण्याची वाट त्यांनी पाहिली नाही. सुमारे अडीच हजार विवाहित स्त्रियांच्या घरी दर महिन्याला जाऊन पाळीची तारीख नोंदवली. त्यामुळे दिवस राहिले तेव्हा त्या बाईचं आधीचं वजन-उंची वहीत तयार होतं. नुसती तारीख विचारण्याचं हे काम दिसायला किरकोळ आहे, पण अख्खा अभ्यास त्यावर उभा आहे.

त्यातून काय निघालं? बाळांचं सरासरी वजन सुमारे २.७ किलो, इंग्लंडच्या बाळांचं साडेतीन. पण ही बाळं नुसती छोटी नव्हती. स्नायू कमी आणि त्या मानाने चरबी टिकून, अशी त्यांची ठेवण होती. २००१ च्या निबंधात दिसलं की बाळाच्या आकाराचा संबंध आईच्या एकूण उष्मांकांशी नव्हता, तर पालेभाज्या, फळं आणि दुधाशी होता. २००८ मध्ये आणखी एक गोष्ट पुढे आली. बहुतेक आयांमध्ये बी-१२ कमी होतं, फोलेट मात्र नाही. ज्यांच्यात फोलेट जास्त आणि बी-१२ कमी, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण सर्वाधिक होतं. लक्षात ठेवा, हा संबंध आहे, कार्यकारण सिद्ध झालं असं नाही. ते तपासायला २०१२ मध्ये याच मुलामुलींना, त्यांना स्वतःला मुलं होण्याच्या आधीपासून, बी-१२ देणारी वेगळी चाचणी सुरू करावी लागली.

जुने आकडे वाचताना आणखी एक खबरदारी घ्या. गर्भारपणात रक्तातला द्रव भाग सहाव्या-सातव्या आठवड्यापासूनच वाढू लागतो आणि शेवटी जवळपास दीडपट होतो. त्यामुळे रक्त पातळ होतं आणि हिमोग्लोबिनचा आकडा आपोआप उतरतो. तेव्हा आकडा कितव्या आठवड्यातला आहे हे कळल्याशिवाय "रक्तक्षय" असा शिक्का मारू नका.

आता समजा, तुम्हाला बिबवेवाडीत असा अभ्यास करायचाय. अप्पर इंदिरानगरमधली एखादी ताई तिसऱ्या महिन्यात पहिल्यांदा नाव नोंदवायला येते. तिचा केसपेपर तिथून सुरू होतो. मज्जानलिका बंद होऊन तोवर काही आठवडे झालेले असतात. तिला त्या दिवशी दिलेली गोळी तिच्या रक्तासाठी उपयोगाची आहे, पण त्या कामासाठी उशिराची आहे. तुम्ही फक्त केसपेपर वाचलेत, तर हा उशीर तुम्हाला दिसणारच नाही, कारण कागद उशिरापासूनच सुरू होतो.

म्हणून प्रबंधाचा आराखडा लिहिताना, विषय कोणताही असो, एक ओळ आवर्जून लिहा: माझ्या साधनांत नोंद कधी सुरू होते, आणि मला हवी ती घटना त्याआधी घडून गेली आहे का? उत्तर "हो" असेल, तर साधनं बदला. तेही जमत नसेल, तर प्रश्न बदला.