स्टिरिओचे स्पीकर ठेवावेत कोठे?

हौसेने आणलेल्या स्टिरिओचे दोन स्पीकर बहुतेक घरांत शोकेसच्या वरच्या फळीवर किंवा टीव्हीला खेटून विसावतात. एखादा तर दाराआडही जातो. आवाज भरपूर येतो, पण स्टिरिओचा परिणाम मिळत नाही. मग दोष यंत्राला दिला जातो आणि त्याहून महागडे यंत्र घेण्याचा विचार सुरू होतो. वास्तविक त्याआधी मोजपट्टी हाती घ्यायला हवी.

ॲलन ब्लुमलिन या ब्रिटिश अभियंत्याने १९३१ मध्ये स्टिरिओच्या पेटंटसाठी अर्ज केला. या तंत्राचा आधार म्हणजे आपले दोन कान. दोन्ही स्पीकरमधून गायकाचा आवाज सारखाच आला, तर तो मधल्या रिकाम्या जागेतून येत असल्याचा भास होतो. मात्र त्यासाठी श्रोता दोन्हींपासून सारख्या अंतरावर हवा. एक स्पीकर फूटभर जवळ असेल, तर त्याचा आवाज सेकंदाच्या सुमारे हजाराव्या भागाइतका आधी पोहोचतो. एवढ्यानेही गायक त्या बाजूला सरकतो!

म्हणून दोन स्पीकर आणि श्रोता यांचा समभुज त्रिकोण साधावा. मध्यम आकाराच्या दिवाणखान्यात त्याची बाजू सहा ते आठ फूट पुरते. स्पीकर याहून फार लांब गेल्यास मध्ये पोकळी जाणवते. त्यांची तोंडे श्रोत्याकडे किंचित वळवावीत. उच्च स्वर देणारा छोटा ट्विटर कानाच्या उंचीवर यावा. सोफ्यावर बसणाऱ्यासाठी ही उंची जमिनीपासून सव्वातीन फुटांच्या आसपास असते, तर भारतीय बैठक असल्यास अडीच फुटांच्या आसपास. पोकळ प्लायवूडची शोकेस स्वतःच घुमते, त्यामुळे वजनदार स्टँड केव्हाही उत्तम. स्पीकरवर फुलदाणी ठेवण्याचा मोहही टाळावा.

खरी कसोटी भिंतींशी असते. खर्जाचे स्वर स्पीकरच्या मागेही पसरतात आणि भिंतीवरून परततात. कोपऱ्यात हा परिणाम सर्वाधिक असतो. तेथे ठेवलेल्या स्पीकरवर तबल्याचा डग्गा नुसता गुरगुरतो, त्याची मींड ऐकूच येत नाही. मागील भिंतीपासून दीड-दोन फूट अंतर सोडून पाहावे. दहा बाय बाराच्या खोलीत हे अवघड आहे, हे खरे. पण सहा इंचांनीही फरक पडतो. सोफा मागच्या भिंतीला चिकटलेला असेल, तर तोही थोडा पुढे घ्यावा. लादी आणि उघड्या भिंती असलेल्या खोलीत टाळी वाजवून पाहावी. झणझणाट ऐकू आला, तर सतरंजी, जाड पडदे किंवा पुस्तकांचे कपाट उपयोगी पडते.

तारांकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. ॲम्प्लिफायरचे लाल टोक स्पीकरच्या लाल टोकालाच, काळे काळ्यालाच जोडलेले हवे. एकाच स्पीकरची जोडणी उलट झाली, तर खर्ज नाहीसा होतो आणि गायक विखुरल्यासारखा वाटतो. हे तपासण्यास ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांवरून घेतलेले ध्वनिमुद्रण उत्तम. ते मुळात मोनो असते. त्यातील गाणे दोन स्पीकरच्या बरोबर मध्यातून ऐकू यावे. तसे न झाल्यास आधी तारा तपासाव्यात, नंतर स्पीकर इंच-दोन इंच सरकवावेत. जागा सापडली की जमिनीवर खडूची खूण करून ठेवावी. केर काढताना स्पीकर हलतातच.